वीणा घ्या, भाषण नको

हे पत्र औसा तालुक्यातल्या एका गावातून आलं आहे. लिहिणारे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाले, वय ६४. बाविसाव्या वर्षी गळ्यात माळ घातली, ती आजवर उतरवलेली नाही. फुलस्केपची सात पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. सगळं छापणं शक्य नाही, म्हणून मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत देते.

“गेल्या आषाढात, एकादशीला चार दिवस राहिले असताना आमची मंडळी गेली. वीस वर्षं साखर होती, शेवटची दोन वर्षं डायलिसिस. आठवड्यातून दोनदा लातूरला जायचो. ती आत चार तास, मी बाहेर बाकड्यावर हरिपाठ म्हणत बसायचो. रोज रात्री झोपताना तिच्या डाव्या हातावर डायलिसिससाठी केलेल्या फिस्टुलावर बोट ठेवून बघायचं, थरथर लागते का. डॉक्टरांनी शिकवलं होतं, थरथर लागली म्हणजे चालू आहे. लागली की मी ‘विठ्ठल’ म्हणायचो आणि झोपायचो. ती गेल्यापासून हात जोडले जातात, पण आत काही होत नाही. रिकाम्या स्टँडवर गाडीची घोषणा करावी तसं वाटतं.

ताई, किल्लारीच्या भूकंपात मी तीन दिवस ढिगाऱ्यातून माणसं काढली. तेव्हा माझा देव हलला नाही. दहा हजारांच्या आसपास माणूस गेलं तेव्हा हलला नाही आणि माझी एक गेली तर हलला. मग मी देवाचा होतो का माझ्या सोयीचा?

चैत्रात गावचा सप्ताह आहे. रात्री दोन ते चार वीणेचा पहारा बावीस वर्षं माझ्याकडे आहे. यंदा कमिटीनं आणखी एक काम दिलंय. पहिल्या दिवशी कलशपूजनानंतर ‘देवाची प्रचिती’ या विषयावर अर्धा तास बोलायचं. मुलगा पुण्यात असतो, विवेकवादी चळवळीत आहे. तो म्हणतो, अण्णा, देव नाही हे आता तुम्हाला कळलंय, मग सोडून द्या ना. मेहुणे म्हणतात, तुमच्या माळेत खोट होती म्हणून अक्का गेली. देव आहे का नाही हे माणसाला कळूच शकतं का? आणि कळत नसेल तर मी वीणा घ्यावी का? ते खोटं होईल का?”

दादा, नमस्कार.

आधी मेहुण्यांचं बोलणं घेते. सात पानांत ते तीनदा आलं आहे आणि तिसऱ्यांदा लिहिताना तुमचं अक्षर बदललं आहे. तुमच्या पत्नीच्या किडन्या वीस वर्षांच्या साखरेनं गेल्या. किडनीत रक्त गाळणाऱ्या अतिशय बारीक रक्तवाहिन्यांच्या जाळ्या असतात. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्या जाळ्या खराब होतात, आणि एकदा खराब झाल्या की सहसा परत येत नाहीत. किडनी निकामी होण्याच्या कारणांत मधुमेह सगळ्यात वरचा आहे. तुमच्या माळेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. देवाबद्दल माणसाला काय कळतं आणि काय कळत नाही, हा प्रश्न पुढे आहेच. पण हे कळतं, आणि पक्कं कळतं.

मेहुण्यांची बहीण गेली आहे. दुःखात माणूस कोणाला तरी दोषी धरतो, त्याशिवाय त्याला उभं राहता येत नाही. त्यांना ते माफ करायचं की नाही हे तुम्ही ठरवा. मात्र ते वाक्य तुम्ही स्वतःशी पुन्हा म्हणू नका. दोन वर्षं आठवड्यातून दोनदा लातूर आणि रोज रात्री हातावर बोट, हे ज्याने केलं त्याच्या माळेत खोट काढायची कोणाची प्राज्ञा नाही.

मेहुण्यांचं वाक्य बाजूला सारताना एक गोष्ट पदरात पडते, ती पुढे उपयोगी येईल. ‘देव आहे’ हे एक म्हणणं झालं. ‘देवाने अमक्यासाठी तमुक केलं’ हे वेगळं म्हणणं. दुसरं म्हणणं पुष्कळदा तपासता येतं. किल्लारीचंच घ्या. १९९३ साली अनंत चतुर्दशीचं विसर्जन उरकून लोक दमून झोपले होते. ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमारास जमीन हलली. गणपती बोळवून आलेल्या गावांवर देव कोपला, असं तेव्हा कितीतरी लोक बोलले, तुम्हीही ऐकलं असेल. पण माणसं कशाखाली मेली हे तुम्ही स्वतःच्या हातांनी उपसून पाहिलं आहे. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती होत्या, वर मातीचं जड माळवद होतं. भिंतींना एकमेकींशी बांधून ठेवणारं काही नव्हतं. म्हणून नवी गावं वसवताना घरं वेगळ्या पद्धतीनं बांधली. कोप झाला असं मानलं असतं तर शांत करून पुन्हा तशीच माळवदं चढवली असती. कोणत्या भिंती पडतात हे माणसाला कळू शकतं, आणि ते कळून घेणं आपलं काम आहे.

आता पहिलं म्हणणं. देव आहे का, हे कळू शकतं का?

मी तीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं, त्यातली बरीच वर्षं न्यायदर्शन, म्हणजे खरं ज्ञान कसं होतं हे तपासणारं आपलं जुनं तर्कशास्त्र. हा प्रश्न आपल्याकडे दीड-दोन हजार वर्षं भांडून झालेला आहे, तोही असा तयारीनं की आजच्या टीव्हीवरच्या चर्चा त्यापुढे पोरखेळ वाटतात. देव सिद्ध करायला सगळ्यात कंबर कसून उभा राहिला तो मिथिलेचा उदयनाचार्य, सुमारे हजार वर्षांपूर्वीचा. त्याचा ‘न्यायकुसुमांजली’ हा ग्रंथ त्याच एका कामासाठी लिहिलेला आहे. त्याच्या युक्तिवादांतला सगळ्यांच्या ओळखीचा युक्तिवाद कुंभाराचा. मडकं दिसलं की आपण म्हणतो, कुंभार असला पाहिजे. जे जे घडवलेलं असतं त्याला घडवणारा असतो. पृथ्वी, डोंगर, अंकुर हेही घडलेले आहेत, तेव्हा त्यांनाही कर्ता आहे आणि तोच ईश्वर. उदयनाची एक आख्यायिका सांगतात. तो जगन्नाथपुरीला गेला तर देवळाचं दार बंद. तेव्हा तो देवाला म्हणाला, आज ऐश्वर्याच्या मदात माझा अव्हेर करतोस, पण बौद्ध पंडित चालून येतात तेव्हा तुझं असणं माझ्या हातात असतं! देवावर इतका हक्क सांगणारा माणूस मला फार आवडतो. वर्गात ही गोष्ट सांगताना दरवर्षी माझा आवाज चढायचा.

पण त्याच्या कितीतरी आधी धर्मकीर्ती या बौद्ध आचार्याने या कुंभारावर बोट ठेवलं होतं. तो म्हणतो, मडकं मातीचं असतं आणि कुंभार ते करतो, हे आपण पाहिलेलं आहे. पण म्हणून मातीचं दिसेल ते सगळं कुंभारानं केलं असं म्हणाल, तर वारूळही कुंभाराच्याच नावावर टाकावं लागेल! तुमच्या रानात वारुळं असतील. एखाद्याजवळ बसून बघा. कमरेइतकं उंच, आत दालनं, हवा खेळायला बोगदे, सगळं मातीचं. घडवलेलं तर आहेच, पण कुंभार नाही. जग मडक्यासारखं आहे की वारुळासारखं, हे बाहेर उभं राहून ठरवता येत नाही. आणि जगाच्या बाहेर जाऊन बघण्याची सोय आपल्याला नाही. बावीस वर्षांच्या वयात मला उदयन जिंकलासा वाटायचा. पुढे शिकवता शिकवता वारूळ डोळ्यांसमोरून हलेना.

हे नास्तिकांनी बाहेरून आणलेलं आहे, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. सांख्यदर्शनाच्या सूत्रांमध्ये सरळ ‘ईश्वरासिद्धेः’ असं आहे, म्हणजे ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून. त्यावर भाष्य करताना सोळाव्या शतकातल्या विज्ञानभिक्षूने फार बारीक गोष्ट दाखवली. सूत्रकाराने ‘ईश्वर नाही’ असं म्हटलेलं नाही, ‘सिद्ध होत नाही’ इतकंच म्हटलं आहे. यज्ञ आणि वेद यांसाठी आयुष्य वेचणारे मीमांसकही सृष्टिकर्त्या ईश्वराशिवाय आपलं सगळं चालवत आले. आणि ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारता विचारता शेवटी म्हणतं, जो परम आकाशातून हिच्यावर नजर ठेवून आहे त्याला ते माहीत असेल, किंवा कदाचित त्यालाही नसेल. ‘माहीत नाही’ हे उत्तर आपल्या घरातलं आहे, दादा. ते तोंडून निघालं म्हणून तुम्ही कुळाबाहेर गेला नाहीत.

आता तुमच्या मुलाचं. तो म्हणतो, नाही हे कळलं. मी त्याला विचारीन, कशावरून कळलं? न्यायशास्त्रात अभाव कसा कळतो याचा एक नियम आहे. जमिनीवर घागर नाही हे आपल्याला कळतं, कारण उजेड आहे, डोळे उघडे आहेत आणि घागर असती तर दिसलीच असती. असती तर दिसली असती, अशा वस्तूचं न दिसणं म्हणजे तिचं नसणं. पण असूनही दिसणार नाही अशी जी गोष्ट आहे, तिच्या न दिसण्यावरून काही ठरत नाही. उदयनाने हाच नियम देवाच्या बचावासाठी वापरला होता आणि तो बचाव आजही टिकतो. तेव्हा तुमच्या मुलाला ‘मी मानत नाही’ म्हणायचा पुरता अधिकार आहे, आणि त्याने ते म्हणावं. ‘अण्णांना कळलंय’ हे मात्र त्याने परस्पर ठरवू नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः सांगत आले की विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावावर चालणाऱ्या फसवणुकीला आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घालून मारलं. ज्या चळवळीने एवढी किंमत मोजली, तिच्यातल्या पोराला तुम्ही हे नक्की सांगू शकता: मला घाई करू नकोस, माझं मला ठरवू दे. तो ऐकेल. आईला जाऊन वर्ष व्हायचं आहे, त्यालाही काहीतरी पकडून ठेवायचं आहे, आणि त्याच्या हाताशी हेच आहे.

पण हा नियम दोन्ही बाजूंनी कापतो, आणि इथे मला तुमच्याशी थोडं कठीण बोलायचं आहे. न दिसण्यावरून देव नाही असं ठरत नसेल, तर काही चांगलं घडण्यावरून तो आहे असंही ठरत नाही. रोज रात्री बोटाखाली थरथर लागली की तुम्ही ‘विठ्ठल’ म्हणत होतात. त्यात चूक नव्हती, तसं म्हटल्याशिवाय त्या रात्री निघाल्या नसत्या. पण म्हणता म्हणता विठ्ठल त्या थरथरीला बांधला गेला. ती होती तोवर तो होता. फिस्टुला म्हणजे हातातली धमनी आणि शीर जोडून केलेली वाट, जोरानं रक्त वाहतं म्हणून ती थरथरते. ती थांबली त्या रात्री तुम्ही बायको आणि देव दोन्ही एकाच जागी गमावलेत. पत्रात तुम्ही लिहिता की देव ‘हलला’. मला वाटतं, हलला तो एक विशिष्ट देव, हरिपाठ मोजून त्या हिशेबानं आयुष्य वाढवून देणारा. त्या देवाबद्दल पुरावा चालतो, कारण तो घडामोडींत हात घालतो असं आपण म्हणत असतो. दोन वर्षं, आठवड्याला दोनदा, चार-चार तास तुम्ही पाठ म्हटलात आणि ती गेली. असा हिशेब ठेवणारा देव नाही, हे तुम्हाला कळलं आहे, आणि हे कळणं खरं आहे. ते परत झाकू नका. त्यापलीकडे कोणी आहे का, याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यांच्याकडे आहे असं ते म्हणतात त्यांचा कुंभार मी वर दाखवला.

जोतीराव फुल्यांनी देवाला ‘निर्मिक’ म्हटलं. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त तो सगळीकडे आहे. या निर्मिकाला मध्यस्थ लागत नाही, नैवेद्य लागत नाही, नवस लागत नाही. फुल्यांनी निर्मिक मानला, पण देवाच्या नावावरची वही फाडून टाकली. दोन्ही एकाच माणसात मावू शकतं हे दिसावं म्हणून सांगितलं. तुम्ही निर्मिक मानाच असा माझा आग्रह नाही.

किल्लारीबद्दल तुम्ही स्वतःला जे विचारलंय ते वाचून मी पत्र बाजूला ठेवून उठले होते. दहा हजार गेले तेव्हा नाही, एक गेली तेव्हा हलला, म्हणून मी सोयीचा. दादा, तेव्हा तुम्ही बत्तीस वर्षांचे होतात आणि तीन दिवस तुमच्या हाताला काम होतं. दगड उचलत असताना माणूस देवाचा विचार करत नाही, पुढचा दगड बघतो. तुमचा देव तेव्हा हलला नाही याचं एक कारण हे असेल की त्याला हलायला तुम्ही सवड दिली नाहीत. लातूरच्या बाकड्यावर दोन वर्षं तुमच्या हातात काही नव्हतं. काम मशीन करत होतं आणि तुम्ही बसून होतात. प्रश्न बसलेल्या माणसाकडे येतात. आणि दुसरं असं, की दहा हजार हा आकडा कोणालाच कळत नाही. आपल्याला एक माणूस कळतं. त्या तीन दिवसांतलं एखादं माणूस तुमच्या लक्षात असेल, एखादा हात, एखादं लुगडं. त्यांच्या घरी तेव्हा जे झालं ते आता तुमच्या घरी झालं. तुम्ही तेव्हा निष्ठुर नव्हता. आज त्यांच्या जागी उभे आहात, एवढंच.

आता सप्ताहाचं. यात माझं मत पक्कं आहे: वीणा घ्या आणि भाषणाला नाही म्हणा.

भाषणाला नाही का, ते आधी सांगते. न्यायसूत्रांत शब्द कधी प्रमाण धरायचा ते सांगितलं आहे: ‘आप्तोपदेशः शब्दः’, आप्ताचं सांगणं म्हणजे शब्दप्रमाण. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याला गोष्ट जशी आहे तशी माहीत आहे आणि जो ती तशीच सांगतो, तो आप्त. तुमच्या गावात तुम्ही आप्त आहात. चाळीस वर्षांची माळ, बावीस वर्षांचा पहारा आणि स्टँडवर उभं राहून ‘गाडी येणार’ म्हटलं तर येणार, असा तुमचा लौकिक असेल. म्हणूनच कमिटीनं तुम्हाला निवडलं. तुम्ही कलशाशेजारी उभे राहून ‘मला प्रचिती आली’ म्हणालात तर मांडवात बसलेली एखादी बाई तो शब्द घरी घेऊन जाईल. तिच्या घरातही कोणी आजारी असेल. ती पाठ वाढवेल, उपास वाढवेल, आणि तिचं माणूस गेलं तर स्वतःच्या माळेत खोट शोधेल. तुमच्या मेहुण्यांचं वाक्य गावात कसं तयार होतं असं तुम्हाला वाटतं? अशाच भाषणांतून. ज्याला जे कळलेलं नाही त्याने त्याची साक्ष देऊ नये. कमिटीला कारण सांगत बसायची गरज नाही. “यंदा माझ्याच्यानं बोलणं होणार नाही” इतकं पुरे. दुखवट्याचं वर्ष आहे, कोणी ताणणार नाही. ताणलंच तर खरं सांगा.

वीणेचं तसं नाही. वीणेकऱ्याकडून कोणी साक्ष मागत नाही. दोन तास वीणा खाली ठेवायची नाही, नाम थांबू द्यायचं नाही, पुढचा येईपर्यंत जागं राहायचं. तो पहारा आहे, म्हणून तर त्याला पहारा म्हणतात. माझे वडील देव मानत नसत. गावच्या सप्ताहात दिंडीपुढे पेट्रोमॅक्स धरायचे, आई गेल्यावरही धरत राहिले. लहानपणी मी विचारलं, तुम्ही मानत नाही मग का धरता? म्हणाले, “उजेड लागतो ना.” मला तेव्हा ते उत्तर टाळल्यासारखं वाटलं होतं. आता वाटत नाही.

आणि ज्या गाथ्याचं भजन तुमच्या सप्ताहात रोज होतं, तो गाथा एकदा उघडून बघा. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको ‘अन्न अन्न करितां मेली’, हे त्यांनीच लिहून ठेवलं आहे. त्याच गाथ्यात दुसऱ्या एका अभंगात ते म्हणतात, ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’. माझ्यापुरता देव मेला, ज्याला असेल त्याला असो. आता त्याच्याशी बोलणं नाही, त्याचं नाव घेणं नाही. हा अभंग कोणी गाळला नाही. देहूच्या माणसाने लिहिला, वारकऱ्यांनी चारशे वर्षं जपला. कीर्तनकार त्याचा अर्थ लावताना लगेच वळसा घेतात, प्रेमाचा रुसवा आहे म्हणतात. असेलही. पण रुसवा तरी खराच असतो, तो ज्याचा त्याला जाळतो. तुमच्या आत जे रिकामं आहे त्याला या संप्रदायात जागा आहे, ती तुकोबांनी स्वतः करून ठेवली आहे. ती जागा म्हणजे परत श्रद्धेकडे जायची पायरी आहे, असं मी म्हणणार नाही. तुम्ही परत याल की नाही, मला माहीत नाही. न येताही तुम्ही तिथे उभे राहू शकता.

एक अट मात्र आहे. रिकामं आहे हे एका माणसाला सांगून मग उभे राहा. सगळ्या गावाला नको, मुलालाही एवढ्यात नको, तो त्याचा विजय समजेल आणि मग तुम्हा दोघांना ते जड जाईल. पहाऱ्याला तुमच्याबरोबर टाळ घेऊन जो असतो, त्याला सांगा. बावीस वर्षं रात्री दोन वाजता जो माणूस शेजारी उभा राहतो त्याला यातलं बरंच आधीच कळलं असण्याची शक्यता आहे. सांगितल्यावर तो म्हणाला की मग वीणा घेऊ नका, तर त्याचं ऐकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण लपवून घेऊ नका. तुम्ही विचारलंत ना, खोटं होईल का? लपवलंत तर होईल.

आणि वीणा घेतल्यावर अंगाला जड वाटू लागलं, तोंडातून नाव निघेना, तर वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घाला. नाम थांबणार नाही, दुसरा म्हणेल. त्यात पाप नाही आणि हारही नाही.

शेवटच्या पानाच्या कडेला, उभ्या ओळीत, तुम्ही एक वाक्य लिहिलं आहे. ते मी वर छापलं नाही, कारण ते तुम्ही कदाचित माझ्यासाठीच लिहिलंय. आता मात्र त्याबद्दल बोलावं लागतं. ‘माघात एकदा देवळात वीणा हातात घेतली होती, तार छेडली, बोटाखाली तशीच थरथर लागली आणि मी वीणा खाली ठेवली.’

दादा, अवघी सात पानं एकीकडे आणि हे वाक्य एकीकडे. तुम्ही देवाचं विचारलंत आणि मला जे येत होतं ते मी सांगितलं. पण तुम्हाला भीती देवाची किंवा खोटेपणाची कमी वाटते. रात्री दोन वाजता तार वाजेल आणि बोट पुन्हा त्या हातावर जाईल, याची जास्त वाटते. तर ती जाऊ द्या. सप्ताहाच्या आधी दोन-तीनदा दुपारी देवळात कोणी नसताना जाऊन वीणा हातात घ्या. तार छेडा, बोट ठेवा, थरथर थांबेपर्यंत ठेवा. नाव घ्यायचं असेल तर घ्या, विठ्ठलाचं घ्यावंसं वाटलं नाही तर तिचं घ्या. रडू आलं तर वीणा खाली ठेवायची घाई करू नका, तिला टेकून बसा. देवळात दुपारी कोणी काही विचारत नाही.

पहाऱ्याच्या रात्री चार वाजता काकड्याची माणसं येतील. पुढच्याच्या गळ्यात वीणा घाला, त्याच्या पाया पडा, त्याला तुमच्या पडू द्या, आणि घरी जाऊन चहा करून घ्या. तुम्ही दोन वेळा लिहिलं आहे की सकाळचा चहा आता होत नाही.